गावाने कर्ज काढून फायबर टाकायचं असेल तर: पहिल्यांदाच कमिटीत बसणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या छोट्या गावात राहायला आलेल्या आपल्या लोकांची तक्रार ठरलेली असते, घर मस्त, शाळा मस्त, झाडी मस्त, पण इंटरनेट म्हणजे जुन्या फोनच्या तारेवरचं डीएसएल, आणि घरून काम करताना मीटिंगमध्ये निम्मं वाक्य पोचतं निम्मं पोचत नाही. मोठ्या कंपन्यांना विचारलं तर एका मैलात सात-आठच घरं असतील तिथे त्यांचा हिशोब बसत नाही, त्यामुळे त्या येत नाहीत. मग गावात कोणीतरी म्हणतं की आपणच टाकूया फायबर (काचेच्या तंतूची वेगवान इंटरनेटची तार), बाँड काढून, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने कर्ज उचलून. तिथून एक कमिटी बनते आणि आयटीवाले म्हणून आपल्याला तिच्यात घेतात. मी आमच्या गावाच्या कमिटीवर तीन वर्षं होतो. फायबर, राउटर, स्प्लिटर हे सगळं मला कळत होतं, पण गाव कर्ज कसं काढतं हे अजिबात माहीत नव्हतं आणि मराठीत कुठे लिहिलेलंही सापडलं नाही, म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवतोय. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत त्यामुळे शेवटी आपल्या राज्याचा वकील जे सांगेल तेच खरं, पण त्या वकिलाला काय विचारायचं एवढं तरी यातून कळेल.

सगळ्यात आधी: फेडणार कोण?

हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला टेबलावर ठेवा, टेक्नॉलॉजीच्या आधी, स्पीडच्या आधी, कंपनी कुठली याच्याही आधी. कर्ज फेडायचे पैसे एकतर गावातल्या सगळ्यांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येणार किंवा जे कनेक्शन घेतील त्यांच्या महिन्याच्या बिलातून येणार, तिसरा खिसा नाहीये. पुढचं सगळं, म्हणजे बाँडचा प्रकार, व्याजदर, मतदान लागेल का, किती लोकांचा होकार लागेल, हे या एका उत्तरावर ठरतं.

टॅक्समधून फेडायचं असेल तर तो जनरल ऑब्लिगेशन बाँड, सगळे जीओ म्हणतात. यात गाव आपली पूर्ण हमी देतं, म्हणजे उद्या एकही कनेक्शन विकलं गेलं नाही तरी हप्ता टॅक्समधून भरायचाच. हमी पक्की असल्यामुळे व्याज कमी लागतं. बिलातून फेडायचं असेल तर तो रेव्हेन्यू बाँड, यात टॅक्सला हात लागत नाही, फक्त नेटवर्कच्या कमाईवर कर्ज देणाऱ्यांचा हक्क असतो, आणि जोखीम त्यांच्या अंगावर म्हणून व्याज जास्त, अटी जास्त.

दोन्ही रस्त्यांनी गेलेली गावं आहेत. मॅसॅच्युसेट्समधलं लेव्हरेट, वस्ती दोन हजाराच्या आत, त्यांनी २०१२ मध्ये मतदान करून ३६ लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं, ते टॅक्समधून फिटतं आणि सबस्क्रायबरच्या बिलातून फक्त नेटवर्क चालवायचा खर्च निघतो. शेजारच्या व्हरमाँटमध्ये मात्र गावांना या कामासाठी करदात्यांची हमी देताच येत नाही, म्हणून तिथल्या ईसीफायबरने (अनेक गावांनी मिळून काढलेलं नेटवर्क) सुरुवातीला स्थानिक लोकांकडूनच छोट्या-छोट्या रकमा उसन्या घेतल्या, गल्ली-गल्लीने सबस्क्रायबर जोडले, आणि कमाई दाखवता आल्यावर २०१६ मध्ये पहिला रेव्हेन्यू बाँड काढला. आठ वर्षं लागली त्यांना तिथपर्यंत यायला, २००८ पासून. माझ्या मते छोट्या गावाला ज्या राज्यात जीओ शक्य आहे तिथे जीओच घ्यावा, का ते खालच्या आकड्यांत दिसेल.

कागदावर गणित मांडा, एक्सेल उघडायच्या आधी

समजा गावात ८०० घरं आहेत आणि इंजिनिअरने पूर्ण गावाचा अंदाज ४० लाख डॉलर दिलाय. २० वर्षांची मुदत, ३ टक्के व्याज, दरवर्षी सारखा हप्ता. तर वर्षाला साधारण २,६९,००० डॉलर भरावे लागतात. ८०० ने भागा, घरामागे वर्षाला ३३६, म्हणजे महिन्याला २८ डॉलर. व्याज ४ टक्के झालं तर हप्ता २,९४,००० वर जातो आणि घरामागे ३६८. एका टक्क्याने आभाळ कोसळत नाही हे लोकांना दाखवायला हे उपयोगी पडतं, कारण मीटिंगला कोणीतरी व्याजदर वाढतायत म्हणून थांबूया असं म्हणतंच.

पण टॅक्स घरामागे सारखा नसतो, घराच्या किमतीवर असतो. सरासरी घर ४ लाखांचं धरलं तर गावाची एकूण किंमत ३२ कोटी, हप्ता त्याने भागला की हजार डॉलर किमतीमागे ८४ सेंट येतात. म्हणजे ३ लाखांच्या घराला वर्षाला २५२ आणि ६ लाखांच्या घराला ५०४. हा ८४ सेंटचा आकडा पाठ करा, लोक तोच विचारणार.

आता तेच कर्ज बिलातून फेडून बघू. महिन्याला ७५ डॉलर बिल, ६० टक्के घरांनी कनेक्शन घेतलं तर ४८० घरांचे वर्षाला ४,३२,००० येतात. त्यातून बँडविड्थ, विजेच्या खांबांचं भाडं, इन्शुरन्स, दुरुस्ती, कस्टमर सपोर्ट असे दोन लाख गेले की उरतात २,३२,०००, हप्ता २,६९,००० चा, म्हणजे भरत नाही. ८० टक्के घरांनी घेतलं तर ५,७६,००० येतात, खर्च थोडा वाढून सव्वादोन लाख, उरतात ३,५१,०००, हप्त्याच्या १.३ पट. रेव्हेन्यू बाँड घेणारे साधारण हे सव्वा पटीच्या आसपास मागतात, नुसतं बरोबरीत सुटलेलं त्यांना चालत नाही. तर मग प्रश्न असा की पहिल्या दिवसापासून ८० टक्के घरं येणार आहेत का, आणि उत्तर नाही हेच असतं, दोन वर्षं तर बांधकामातच जातात आणि तेव्हा कमाई शून्य. म्हणून रेव्हेन्यू बाँडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांचं व्याजसुद्धा कर्जातूनच बाजूला काढून ठेवतात आणि वर एक राखीव निधी ठेवावा लागतो, म्हणजे ४० लाखांचं काम करायला ४० पेक्षा बरंच जास्त उचलावं लागतं.

कायदा काय म्हणतो ते आधीच तपासा

हे मागे ठेवू नका. काही राज्यांत गावाने इंटरनेट विकण्यावरच निर्बंध आहेत, नॉर्थ कॅरोलायनाने २०११ मध्ये असा कायदा केला. केंद्र सरकारच्या दूरसंचार आयोगाने (एफसीसी) २०१५ मध्ये तिथला आणि टेनेसीचा कायदा बाजूला सारायचा प्रयत्न केला पण पुढच्याच वर्षी अपील कोर्टाने तो उलटवला, त्यामुळे राज्याचाच शब्द चालतो. कोलोरॅडोत २००५ पासून आधी सार्वमत घ्यायची अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. लुइझियानातल्या लाफायेटमध्ये २००५ च्या मतदानात ६२ टक्के लोक हो म्हणाले तरी नंतर कोर्टात जवळपास दोन वर्षं गेली. म्हणजे मतदान जिंकलं की झालं असं नाही, वेळेच्या अंदाजात कोर्टकचेरीही धरा.

मॅसॅच्युसेट्समध्ये असाल तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन लोक त्या एक समजतात. एक म्हणजे गावाला विजेसारखी सेवा चालवता यावी म्हणून म्युनिसिपल लाइट प्लँट (गावाची स्वतःची सेवा-संस्था, नाव विजेचं असलं तरी इंटरनेटलाही चालते) स्थापन करायचा, त्याला दोन वेगवेगळ्या टाउन मीटिंगमध्ये (गावातल्या मतदारांच्या सभेत) दोन-तृतीयांश मतं लागतात आणि त्या दोन मीटिंगमध्ये किमान दोन महिने आणि जास्तीत जास्त तेरा महिने अंतर असावं लागतं. दुसरं म्हणजे कर्ज, त्यालाही टाउन मीटिंगमध्ये दोन-तृतीयांश, आणि हप्ता राज्याने प्रॉपर्टी टॅक्सवर घातलेल्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर ठेवायचा असेल तर त्यासाठी वेगळं बॅलटवरचं मतदान. कॅलेंडर घेऊन बसा आणि उलटं मोजत या, नाहीतर एक मीटिंग हुकली की वर्ष जातं.

कोणाला नेमायचं आणि कोण कोणाच्या बाजूने आहे

तीन माणसं लागतात. बाँड वकील, जो कर्ज कायदेशीर आहे आणि त्याचं व्याज फेडरल इन्कम टॅक्समधून मुक्त आहे असं लिहून देतो. ही टॅक्सची सवलत आहे म्हणूनच गावाला कमी दराने पैसे मिळतात, त्यामुळे त्याच्या सहीशिवाय काही हलत नाही. दुसरा म्युनिसिपल ॲडव्हायझर, जो कर्ज कधी आणि कसं काढायचं याचा सल्ला गावाला देतो. तिसरा अंडररायटर, जो गावाकडून बाँड विकत घेऊन पुढे गुंतवणूकदारांना विकतो.

इथे नीट लक्ष द्या. ॲडव्हायझरवर कायद्याने बंधन आहे, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यापासून, की त्याने गावाचं हित आधी बघायचं. अंडररायटरवर तसं बंधन नाही, तो समोरच्या बाजूचा खरेदीदार आहे, कितीही गोड बोलला आणि कितीही छान स्लाइड दाखवल्या तरी. सुरुवातीला फुकट सल्ला द्यायला बहुतेक वेळा अंडररायटरच येतो. ऐकून घ्या, चहा पाजा, पण ॲडव्हायझर वेगळा नेमा आणि तो आधी नेमा.

वकिलाला पहिल्याच दिवशी विचारायचे दोन प्रश्न सांगतो. पहिला, नेटवर्क आम्ही खासगी कंपनीला चालवायला देणार असू तर टॅक्सची सवलत राहील का? बाँडच्या पैशाने बांधलेल्या गोष्टीचा १० टक्क्यांपेक्षा जास्त वापर खासगी धंद्यासाठी झाला आणि फेडही तशाच पैशातून होत असेल तर सवलत जाऊ शकते, म्हणून चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा करार वकिलाने बघितल्याशिवाय सही नको. दुसरा प्रश्न, आम्ही या वर्षी एकूण एक कोटी डॉलरच्या आत कर्ज काढतोय तर बँकेसाठीची खास सवलत मिळेल का? एक कोटीच्या आतल्या गावांचे बाँड बँकांना टॅक्सच्या दृष्टीने जास्त परवडतात, त्यामुळे छोटं गाव कधीकधी सरळ स्थानिक बँकेकडूनच चांगला दर मिळवतं आणि रेटिंग (गावाच्या पतीचं मानांकन) वगैरेचा खर्च वाचतो.

एक ठराव जो आम्ही उशिरा केला

बाँडचे पैसे यायच्या आधी गाव स्वतःच्या बचतीतून काही बिलं भरतं आणि नंतर बाँडमधून ते पैसे परत घेतं. हे चालतं, पण त्यासाठी परत घेण्याचा इरादा आहे असा ठराव बिल भरल्यापासून ६० दिवसांच्या आत झालेला असावा लागतो. इंजिनिअरच्या डिझाइनसारख्या सुरुवातीच्या खर्चाला सूट आहे, पण मालाला नाही. आमच्याकडे केबलचा भाव वाढेल म्हणून मार्चमध्ये आगाऊ पैसे भरले आणि ठराव केला सप्टेंबरमध्ये. वकिलाने तारखा बघितल्या आणि मान हलवली, ती रक्कम बाँडमधून परत घेता आली नाही, शेवटी गावाच्या राखीव पैशातून गेली आणि त्या वर्षी लायब्ररीचं छप्पर पुढे ढकललं. एका पानाचा ठराव होता हो. कमिटी बनली की पहिल्या महिन्यातच तो करून टाका, वापरावा लागला नाही तरी काही बिघडत नाही.

अंदाजपत्रकात हमखास राहून जाणारी गोष्ट: खांब

फायबरची तार स्वस्त असते, महाग असतो खांबावरचा हक्क. रस्त्याने चालत जा आणि एका खांबाकडे नीट बघा. सगळ्यात वर विजेच्या तारा, मग मधे एक मोकळी जागा, मग त्याखाली केबल टीव्हीची तार, त्याखाली फोनची जाड काळी तार. ती मधली मोकळी जागा ४० इंचांची सोडावीच लागते, कामगाराला शॉक बसू नये म्हणून, आणि आपलं फायबर त्या जागेच्या खाली बसवायचं असतं. जागा नसेल तर आधीच्या तारा खाली सरकवायच्या, तेवढ्यानेही भागलं नाही तर खांबच उंच बसवायचा, आणि हा सगळा खर्च नवीन येणाऱ्याने म्हणजे गावाने द्यायचा. याला मेक-रेडी म्हणतात. खांब फोन कंपनीचे किंवा वीज कंपनीचे असतात, त्यांच्या वेळेने काम होतं. कर्जाची रक्कम ठरवायच्या आधी निदान काही रस्त्यांवरचे खांब इंजिनिअरकडून प्रत्यक्ष मोजून घ्या, कारण मंजूर रक्कम कमी पडली तर पुन्हा दोन-तृतीयांश मतं मागायला उभं राहावं लागतं आणि दुसऱ्यांदा लोक तितक्या प्रेमाने ऐकत नाहीत.

ग्रँट (सरकारी अनुदान) मिळणार असेल तर कर्ज तेवढं कमी, हे खरं आहे. टेनेसीमधल्या चॅटनुगा शहराच्या वीज कंपनीला फेडरल सरकारकडून सुमारे ११ कोटी डॉलर मिळाले होते, बाकी त्यांनी वीजव्यवस्थेच्या कमाईवर बाँड काढून उभे केले आणि २०१० मध्ये गिगाबिट वेगाचं इंटरनेट सुरू केलं. २०२१ च्या फेडरल कायद्यात ब्रॉडबँडसाठी ४,२४५ कोटी डॉलरची योजना आली. पण ग्रँटचे पैसे बऱ्याचदा खर्च झाल्यावर मिळतात, तोपर्यंत बिलं भरायला हातात रोख लागते, त्यामुळे ग्रँट असली तरी कर्ज मंजूर करून ठेवावं.

मीटिंगच्या दिवशी

टाउन मीटिंग शाळेच्या जिममध्ये होती, सगळ्यांच्या हातात मतदानाची रंगीत कार्डं. मी बारा स्लाइड बनवल्या होत्या. तिसऱ्या स्लाइडला एक आजी उठून म्हणाल्या, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, मला नकोय, मी का भरू? जिममध्ये शांतता. मी गिगाबिटबद्दल बोलायला लागलो तेवढ्यात आमच्या कमिटीतली एक बाई खाली उतरून त्यांच्याजवळ गेली आणि विचारलं, टॅक्सचं बिल आहे का जवळ? होतं, पर्समध्ये घडी घालून. घर २ लाख ६० हजारांचं. गावाचे आकडे वर लिहिलेत साधारण तसेच होते, तिने त्याच बिलाच्या मागे पेनने गुणाकार केला, २१८ डॉलर वर्षाला, महिन्याला अठराच्या आसपास. आजी म्हणाल्या, मला वाटलं होतं हजारभर येतील. त्यांनी शेवटी कार्ड वर केलं की नाही ते मला दिसलं नाही, पण त्यानंतर लोक रांगेत उभे राहून आपापल्या घराचा आकडा विचारायला लागले आणि माझ्या उरलेल्या नऊ स्लाइड कोणी बघितल्या नाहीत. म्हणून सांगतो, गावातल्या प्रत्येक घराचा आकडा काढून त्याची यादी दाराशी ठेवा, आकडा लपवू नका, गोल करू नका.

आणि फसलेली उदाहरणं स्वतःहून सांगा, कारण विरोधक ती आणणारच. युटामधल्या प्रोव्होने सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरचे बाँड काढून नेटवर्क बांधलं, सबस्क्रायबर पुरेसे आले नाहीत, २०१३ मध्ये ते एका डॉलरला गूगलला दिलं आणि बाँड मात्र लोकांच्या युटिलिटी बिलावर महिन्याला ५.३५ डॉलर लावून फेडत राहिले. व्हरमाँटच्या बर्लिंग्टनमध्ये नेटवर्कला पैसे कमी पडले तसे नगरपालिकेच्या सामायिक रोख खात्यातून जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर उचलले गेले, शहराचं रेटिंग घसरलं आणि भाड्याने घेतलेल्या उपकरणांवरून बँकेबरोबर कोर्टात जावं लागलं. दोन्हीकडे दोष फायबरचा नव्हता. एकीकडे किती लोक कनेक्शन घेतील याचा अंदाज चुकला आणि दुसरीकडे तूट दिसायला लागल्यावर ती उघडपणे सांगितली गेली नाही. कोलोरॅडोच्या लाँगमाँटमध्ये २०१३ मध्ये लोकांनी ४ कोटी ५३ लाखांचे बाँड मंजूर केले आणि त्यांची सेवा नीट चालू आहे, पण तिथे आधीपासून शहराची स्वतःची वीज कंपनी होती, खांब स्वतःचे, बिलिंग स्वतःचं. आपल्याकडे ते नसेल तर त्यांच्याशी तुलना करू नका.

पैसे उचलताना

सगळे एकदम उचलायचे नाहीत. बांधकाम चालू असताना एकेक वर्षाच्या बाँड अँटिसिपेशन नोट (बाँड निघेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज) काढतात, लागतील तेवढेच पैसे घ्यायचे, तेवढ्यावरच व्याज, आणि काम संपून खरा खर्च कळला की त्या रकमेचा २० वर्षांचा बाँड. टॅक्स सवलतीच्या नियमांत साधारण ८५ टक्के पैसे तीन वर्षांत खर्च होतील अशी रास्त अपेक्षा असावी लागते, त्यामुळे पैसे उचलून नुसते बँकेत ठेवून चालत नाही.

हप्ता सारखा ठेवायचा की मुद्दल सारखी ठेवायची हेही विचारतील. वरच्या उदाहरणात मुद्दल सारखी ठेवली तर पहिल्या वर्षी ३,२०,००० आणि शेवटच्या वर्षी २,०६,०००, एकूण व्याज लाखाहून जास्त वाचतं पण सुरुवात जड जाते. रिटायर झालेली मंडळी गावात जास्त असतील तर सारखा हप्ता बरा.

एका गोष्टीवर मात्र मी कमिटीत भांडलो होतो आणि आजही भांडेन. खांबावरचं फायबर वीस वर्षं सहज टिकतं, पण दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सात-दहा वर्षांत बदलावी लागतात. ती वीस वर्षांच्या कर्जात घातली तर भंगारात गेलेल्या डब्याचा हप्ता दहा वर्षं भरत बसाल. उपकरणांसाठी वेगळं, कमी मुदतीचं कर्ज घ्या, आणि पहिल्या महिन्याच्या बिलापासून प्रत्येक सबस्क्रायबरमागे काही डॉलर बदली निधीत टाकायला सुरुवात करा, आमच्याकडे पाच ठेवलेत. तो निधी वेगळ्या खात्यात, त्याला टाउन मीटिंगच्या ठरावाशिवाय हात लावता येणार नाही असं लिहून.

बाँड बाजारात विकला गेला की तो एम्मा नावाच्या सरकारमान्य साइटवर दिसतो, कोणालाही फुकट. तिथे आपल्यासारख्याच छोट्या गावांचे कागद काढून वाचा, कर्ज काढायच्या सहा महिने आधीपासून, कोणी किती टक्क्याने घेतलं, मुदत किती, हमी कशाची. सुरुवात लेव्हरेटच्या आकाराच्या गावांपासून करा, मोठ्या शहरांचे दोनशे पानी कागद नंतर.